परतीचं भाडं

मागच्या हिवाळ्यात मामाला व्हिडिओ कॉलवर माझा पिकअप ट्रक दाखवत होतो. आमच्याकडे मिशिगनात सकाळ, बाहेर उणे बारा, ड्राइव्हवेवर रात्रीचा बर्फ तसाच पडलेला, आणि तिकडे नारायणगावात दिवेलागण, मामा कानटोपी घालून ओट्यावर. "समोरून दाखव, आता बाजूनं, टायर दाखव," असं त्याचं चाललेलं. टायर बघून खूष झाला. मग म्हणाला हौदा दाखव. मी फाळका पाडला आणि फोन आत धरला. जरा वेळ बघून विचारलं, "किती भरतो?" म्हटलं सातशे किलोच्या आसपास, त्यात माणसं पण आली. "येवढं धूड, आन सातशे किलो?" मामा हसायलाच लागला. "अरे छोटा हत्ती नेतो की तेवढं!" आणि मग हसू ओसरल्यावर, एका गाडीवाल्यानं दुसऱ्या गाडीवाल्याला विचारावं तितक्या सहज, "परतीला काय मिळतं?"

म्हटलं मामा, भाड्याची नाहीये, घरचीच आहे. म्हणाला ते कळलं, पण मग रोज रिकामीच पळवतो का? मी हो म्हणालो. त्यावर तो काही बोलला नाही, मामीनं चहा आणला होता तो घेतला आणि विषय माझ्या मुलीच्या शाळेवर गेला.

तेवढंच झालं. पण ते काही डोक्यातून जाईना.

मामाकडे कितीतरी वर्षं टाटा ४०७ होती. टोमॅटोची गाडी. संध्याकाळी नारायणगावच्या मार्केटात भरायची, ओतूरवरून माळशेज उतरायचा, मग मुरबाड, कल्याण करत उजाडायच्या आत वाशी. मी शाळेत असताना जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी, तो मला सोबत न्यायचा आणि आईला सांगायचा, बघू दे त्याला पैसा कसा मिळतो ते. वीस-वीस किलोचे कॅरेट एकावर एक चढत जायचे, वरून ताडपत्री, मग रस्सी. रस्सी आवळून झाली की मामा तिला बोटानं टिचकी मारायचा आणि कान देऊन ऐकायचा, आवाज बसका आला की सगळं सोडून परत बांधायचं, मग कितीही उशीर झालेला असू दे. घाटात ढग उतरलेले असायचे, केबिनमध्ये डिझेल, बिडी आणि फुटलेल्या टोमॅटोचा आंबूस वास, आणि मी झोपेत दारावर डोकं आपटत बसलेलो. वाशीला माल उतरला की मामाचं खरं काम सुरू. चहा पिऊन तो परतीचं भाडं शोधत फिरायचा. कधी पशुखाद्याची पोती, कधी कुणाचं घरसामान, काहीच नाही मिळालं तर दुसऱ्यांचे रिकामे कॅरेट, चार पैसे का होईना. मिळेपर्यंत गाडी हलायची नाही. रिकामी गाडी आणायची म्हणजे आपल्या पैशानं हवा वाहायची, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आणि भाचा इकडे सात समुद्रापार वर्षानुवर्षं हवाच वाहतोय, तीसुद्धा साडेसहा किलोमीटरच्या अॅव्हरेजनं.

ट्रक जुना घेतला. दहा वर्षांचा, व्ही-एट इंजिन, चार दारांची केबिन, मागे साडेसहा फुटांचा हौदा. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण इकडचे वाचणारे लगेच भांडायला येतील. मिशिगनमध्ये ट्रकची कंपनी म्हणजे घराणं असतं, आजोबा ज्या प्लँटमधून रिटायर झाले त्याच कंपनीचा ट्रक नातवाच्या दारात, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचा असला की दोघं बार्बेक्यूला एकत्र बसतात पण टोमणे चालू. फोर्डची एफ सिरीज १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे हे खरंय, पण ते वाक्य शेव्हीवाल्यांच्या, म्हणजे शेव्हरोलेवाल्यांच्या घरी बोलून बघा. असो. माझा ट्रक मी 'थंब'मधल्या एका म्हाताऱ्याकडून घेतला. मिशिगनचा नकाशा पंजासारखा दिसतो, त्यातला अंगठा म्हणजे हा भाग, सगळी सपाट शेती, आणि शुगर बीट. ऑक्टोबर संपता संपता रस्त्याच्या कडेनं बीटचे डोंगर लागलेले असतात आणि साखर कारखान्याच्या जवळ आलं की तो जड, गोडसर, कुजका वास येतो. मी खिडकी खाली केली आणि क्षणभर वाटलं आपण श्रीगोंद्याला आलो की काय. ऊस नाही, मळी नाही, पण वासाची जातकुळी तीच.

म्हाताऱ्यानं एक वही ठेवली होती. ऑइल कधी बदललं, किती मैलांवर, कुठलं, ब्रेक पॅड कधी, बॅटरी कधी, सगळं पेन्सिलनं, अक्षर शेवटी शेवटी थरथरतं झालेलं. मधेच एका पानावर गाडीशी काही संबंध नाही असं, कुणाच्या तरी औषधांच्या वेळा लिहिलेल्या. मी विचारलं नाही. तो पंधरा हजार डॉलर म्हणत होता, मी साडेबारा म्हणालो, आणि साडेतेराला सौदा ठरला. पण त्याआधी मी जमिनीवर पोत्यावर आडवा झालो आणि हातोडी घेऊन गाडीखाली गेलो. मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी तपासणी वगैरे सरकारी भानगड नाही, त्यामुळे काय घेतोय ते ज्यानं त्यानं बघायचं. चेसिसवर हातोडी मारत पुढून मागे सरकायचं. चांगलं लोखंड टण् करतं. गंज आतून लागलेला असला की आवाज मरतो, आणि पापुद्रे पडतात, तोंडावरच पडतात. मागच्या अॅक्सलच्या वर, जिथे चेसिस वळून वर चढते, तिथे एका जागी आवाज मेला. स्क्रूड्रायव्हर खुपसून बघितला, आत गेला नाही, वरवरचा होता. म्हातारा बाजूला खुर्ची टाकून बसलेला, तो म्हणाला की तू पहिला आहेस जो खाली गेलास, बाकीचे सगळे स्टिरिओ लावून बघतात.

गंजाचं कारण मीठ. बर्फावर इथे रस्ताभर मीठ टाकतात, आणि गंमत म्हणजे त्यातलं काही मीठ डेट्रॉइट शहराच्याच पोटातून निघतं. साधारण अकराशे फूट खाली मिठाची खाण आहे, १९१० च्या सुमाराची. म्हणजे वर ट्रक बनवायचे आणि खालून मीठ काढून त्यांच्यावर टाकायचं. ज्यानं कुणी हा धंदा असा जुळवून आणला त्याला दंडवत. यावर उपाय म्हणून दर ऑक्टोबरमध्ये मी गाडीखाली लॅनोलिन मारतो, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं तूप म्हणा. स्प्रेगन घेऊन गाडीखाली पडलं की अंगभर उडतं, केसात, मनगटावर, चष्म्यावर, आणि पुढचे पंधरा दिवस गॅरेजला मेंढरांचा वास. बायको नाक मुरडते. मला चालतो. लहानपणी पावसाळा सरला की मामाच्या रानात धनगरांची मेंढरं बसवायचे, खतासाठी, सकाळी ती उठून गेली की ओल्या मातीवर लेंड्या आणि त्या लोकरीचा वास दिवसभर राहायचा. आता सबडिव्हिजनमधल्या माझ्या गॅरेजला येतो.

मामानं एकदा विचारलं होतं की तिकडे लहान नाही का मिळत, आपल्या बोलेरो पिकअपसारखा, कशाला एवढा मोठा घेतला. त्याला कोंबडीची गोष्ट सांगितली. साठच्या दशकात अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात जायला लागली, तिकडच्यांनी तिच्यावर जकात बसवली, मग अमेरिकेनं चिडून १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. ब्रँडी, बटाट्याचं स्टार्च यांच्यावरची नंतर गेली. ट्रकवरची राहिली. त्यामुळे जगभर जे छोटे काटक पिकअप पळतात ते इथे आणणं परवडत नाही, आणि इथल्या कंपन्या आपल्या आपल्या घरात निवांत ट्रक फुगवत बसल्या. एकटी कोंबडीच जबाबदार आहे असं नाही, पण तिचा हात आहे. मामा म्हणाला, कोंबडीपायी एवढं? आणि मग त्यानं मामीला हाक मारून ती गोष्ट परत सांगायला लावली.

तर असा हा एकोणीस फुटी प्राणी. गॅरेजची खोली वीस फूट. छताला दोरीनं टेनिस बॉल टांगलाय, तो काचेला टेकला की थांबायचं, मग मागचं दार खाली येताना बंपरला चुकवून येतं, कसंबसं. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये शनिवारी मी हा नेतच नाही, एकदा नेला होता तर तीन कॅमऱ्या आणि एक ओडिसी हॉर्न वाजवत मागे उभ्या. आपल्या लोकांच्या पार्टीत पहिला प्रश्न ठरलेला, काय रे, कन्स्ट्रक्शन चालू केलं का? दुसरा, मायलेज किती? बाबांना सांगितलं तेव्हा फोनवर ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि नंतर आईकडून कळलं की ते म्हणत होते, एवढं शिकवलं आणि शेवटी टेम्पो घेतला. त्यांचं चूक नाही. आमच्या घरात मालवाहू गाडी ही ज्याला दुसरं काही जमलं नाही त्याची, हा हिशोब मामाच्या उदाहरणावरून पक्का झालेला होता, आणि मामाच्या ४०७ वर माझ्या इंजिनिअरिंगची पहिली फी भरली गेली होती ही गोष्ट त्या हिशोबात कुणी धरत नव्हतं. इथे उलटं आहे. इथे ट्रक म्हणजे प्रतिष्ठा, लेदर सीट, गरम होणारं स्टिअरिंग, आणि हौद्यात ओरखडा नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये असे कितीतरी उभे असतात, हौद्यावर कव्हर, आत काळ्या प्लास्टिकवर साधी माती नाही. त्यांना बघून मला मनातल्या मनात हसू यायचं. मामाच्या प्रश्नानंतर ते येईनासं झालं.

आता खरं सांगायचं तर व्यवहाराचं गणित मिनिव्हॅनच्या बाजूनं आहे. प्लायवूडची चार बाय आठची शीट सीटं पाडली की मिनिव्हॅनमध्येही बसते, वरून पावसात भिजत नाही, आणि अॅव्हरेज दीडपट. माझ्या साडेसहा फुटी हौद्यात तीच शीट दोन्ही व्हीलवेलच्या, म्हणजे चाकांवरच्या फुगवट्यांच्या मधे सपाट बसते, बरोबर तेवढीच रुंदी ठेवलेली असते, पण दीड फूट बाहेर राहते आणि फाळका पाडूनच जावं लागतं. ट्रकवाले हे कबूल करत नाहीत. मी करतो. तरीही शीट भरून, स्ट्रॅप आवळून, त्याला टिचकी मारून, तो ताठ आवाज ऐकून गाडी सुरू करण्यात जे आहे ते मिनिव्हॅनमध्ये नाही, आणि ते डॉलरमध्ये कसं मोजतात मला माहीत नाही.

रिकामेपणाची सगळ्यात मोठी थट्टा हिवाळ्यात होते. सगळं वजन पुढे, इंजिनावर, आणि मागचं हलकं, त्यामुळे बर्फावर वळताना शेपूट आपली वाट धरते. फोर बाय फोर टाकला तरी पोटात गोळा येतोच. म्हणून नोव्हेंबरात इथे हार्डवेअरच्या दुकानात वाळूच्या लांबट गोण्या येतात, साठ-साठ पाउंडाच्या, साधारण सत्तावीस किलोची एक. त्या पाच-सहा आणून मागच्या अॅक्सलच्या वर आडव्या टाकायच्या आणि एप्रिलपर्यंत तशाच वागवायच्या. म्हणजे ट्रक नीट चालावा म्हणून ट्रकमध्ये वाळू भरायची, ती कुठेच पोचवायची नाही, आणि उन्हाळ्यात काढून ठेवायची. पुढच्या कॉलला मी मामाला अभिमानानं सांगितलं की आता गाडी रिकामी नाही, वाळू आहे. क्षणाचा विलंब न लावता मामा म्हणाला, "रॉयल्टीची पावती आहे ना? नाहीतर तहसीलदार उचलून नेईल." मग बराच वेळ आम्ही दोघं हसत होतो, मामी विचारत होती काय झालं.

जुन्या ट्रकचे मालक एकमेकांशी बोलतात ते बहुतेक काय बिघडलं यावरच. माझंही आहेच. थंडीत सुरू केला की इंजिनातून टिकटिक येते आणि दहा मिनिटांत गायब होते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय, गरम झालं की लोखंड फुगून फट बुजते. मागच्या दाराखालची पट्टी फुगायला लागलीय, रंगाखाली बोट फिरवलं की कुरकुर लागतं. ब्रेकच्या लोखंडी नळ्या गंजल्या होत्या, त्या फुटायच्या आत काढून तांबं-निकेलच्या टाकून घेतल्या, हा खर्च मात्र बिनतक्रार केला. पण लक्षात राहिलं ते स्टेपनीचं. स्टेपनी हौद्याखाली एका तारेवर लटकलेली असते, बंपरमधल्या भोकातून लांब सळई घालून फिरवली की खाली येते. उत्तरेकडून येताना आय-७५ हायवेवर मागचं टायर बसलं, मुलगी आणि बायको गाडीत, कडेनं ट्रेलर जातायत आणि प्रत्येक वेळी गाडी हलतेय. मी सळई घातली, फिरवली, कट् असा आवाज आला आणि स्टेपनी जागच्या जागी. मिठानं तार आणि कप्पी एकजीव केलेली. मी ढुंगण वर करून सळईशी झटापट करत असताना मागे एक पिकअप थांबला, माझ्याहून जुना, त्यातून एक जाडगेला दाढीवाला उतरला, काही न विचारता मोठी हातोडी घेऊन खाली शिरला आणि टायरच्या मधोमध ठोकायला लागला. गंजाची भुकटी त्याच्या दाढीत. चार-पाच घावांत धप्पकन पडली. उठून हात पुसत म्हणाला, सगळ्यांची अडकते. पैसे काढले तर माझ्याकडे असं बघितलं की मी पाकीट गुपचूप आत ठेवलं. त्याच्या हौद्यात फुटक्या कौलांचा ढीग होता, शिडी होती, कुत्रा होता. माझ्या हौद्यात मुलीची सायकल आणि बर्फाची पेटी. त्यानं एकदा आत डोकावलं आणि मला तेव्हाही उगाच ओशाळल्यासारखं झालं.

मात्र ट्रक आहे म्हटलं की लोक येतात. मंडळाचा मखर माझ्याकडून, थर्माकोलवरची बंदी इथे नाही पण आमचे लोक पुठ्ठा आणि लाकडाचा करतात, हायस्कूलच्या हॉलपर्यंत तो हौद्यातून जातो आणि तीन पोरं धरून बसायचं म्हणतात, त्यांना खाली उतरवावं लागतं कारण हे पुणे नाही. अॅन आर्बरला शिकणाऱ्या पोरांच्या गाद्या, कुणाचं ट्रेडमिल, कुणाचा मल्च, म्हणजे झाडांच्या बुडाशी टाकायचा लाकडाचा चुरा, तो वाफाळता काळा मल्च हौद्यात पडला की आठवडाभर वास. सुरुवातीला वैताग यायचा. लोक सहा महिने फोन करत नाहीत आणि शुक्रवारी रात्री, "अरे उद्या फ्री आहेस का" म्हणजे तू नाही, ट्रक.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कँटनमधल्या एका नाशिकच्या मुलाचा फोन आला, ओळख तशी जुजबी. नोकरी गेली होती. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात, ते संपत आले होते, तिकिटं काढली होती, घर मोकळं करायचं होतं. सामान एकेकाला विकलं होतं, पोचवायचं कसं हा प्रश्न. शनिवार-रविवार आम्ही दोघं तेच करत होतो. सोफा नोव्हायला, डायनिंग टेबल ट्रॉयला, वॉशिंग मशीन फार्मिंग्टन हिल्सला. प्रत्येक दारात नवीन जोडपं, हसरी, इकडे ठेवा हं म्हणणारी, आणि हा मुलगा टेबलाचा पाय नीट बसवून देतोय, एक स्क्रू ढिला आहे तेवढा आवळून घ्या म्हणतोय. गाडीत तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला की घेताना हे सगळं दुकानाच्या गाडीतून आलं होतं, दोन तासांच्या स्लॉटमध्ये. पाळणा मात्र विकला नव्हता, तो त्याला फुकट द्यायचा होता आणि तोच कुणी नेत नव्हतं, शेवटी एका चॅरिटीच्या दुकानात दिला. तिथल्या बाईनं पावती हवी का विचारलं, टॅक्ससाठी. तो म्हणाला नको.

संध्याकाळी त्याला सोडायला गेलो तर त्याची बायको खाली आली, हातात कढीपत्त्याची कुंडी. इथल्या लोकांना सांगायला नको, मिशिगनात कढीपत्ता जगवणं म्हणजे काय, हिवाळाभर खिडकीत दिव्याखाली ठेवून, पानं गळली की जीव खालीवर. विमानात नेता येत नाही, कुणाला विकवत नाही. म्हणाली तुम्हीच घेऊन जा, तुम्ही पैसे तर घेत नाही. हौद्यात ठेवली असती तर घरी पोचेपर्यंत थंडीनं मेली असती, म्हणून मागच्या सीटवर ठेवली आणि बेल्ट लावला. कुंडी ती, पण ट्रकच्या संगणकाला वाटलं कुणीतरी बसलंय.

बायको म्हणते यंदा ट्रक विकून टाकू, टिकटिक वाढलीय, तुटलेला बोल्ट काढायला गेलो तर बाकीचे इंजिनाच्या हेडमध्येच तुटतील आणि मग हजारभर डॉलरला चिमटा. ती चुकीचं बोलत नाही. मी काल जाहिरातीसाठी फोटो काढायला बाहेर गेलो, हौदा झाडला, वही डॅशबोर्डवरून काढून आत आणली. आता माझंही अक्षर आहे तिच्यात, मागची पानं भरत आली आहेत. परत आलो तर मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडलेला, कुणाला तरी फ्रीज आणायचाय, ट्रक कुणाकडे आहे. मी उत्तर टाइप करेपर्यंत खाली बायकोचं उत्तर आलं होतं, "आमच्याकडे आहे, किती वाजता?"